समोर बसल्यासारखं

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहीण आणि भाचा सांगलीला आले होते. भाचा अकरावीत आहे. येताना त्याने आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, एक छोटासा स्पीकर आणला. आणि एक आश्चर्यही आणलं. आत्याच्या गाण्याची आमच्याकडे एकच कॅसेट उरली आहे, ती त्याने कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. फराळ झाल्यावर त्याने ती लावली. भीमपलासातलं नाट्यपद, सात मिनिटांचं. पहिला आलाप आला आणि चकली मोडायचा आवाजसुद्धा थांबला. बहिणीचे डोळे भरून आले.

भाचा म्हणाला, "मामा, अगदी आत्याआजी समोर बसून गातेय असं वाटतं ना?"

आणि मी पटकन बोलून गेलो, "छे, अशी नाही गायची ती."

बोलायला नको होतं. पोराचा चेहरा पडला. पण पोरगं चिवट आहे, लगेच म्हणालं, "मग कशी गायची?" इथे माझी पंचाईत झाली. मला सांगताच येईना! आत्या गेली २००३ मध्ये. हा जन्मला त्यानंतर पाच वर्षांनी. त्याच्यासाठी आत्याआजी म्हणजे ही सात मिनिटं. मी मात्र कॉलेजला पुण्याला जाईपर्यंत तिचं गाणं रोज ऐकलेलं. काहीतरी वेगळं आहे हे कानाला कळत होतं, पण काय वेगळं आहे ते तोंडाने सांगता येत नव्हतं. मी "जाऊ दे, तुला नाही कळणार" असं काहीतरी पुटपुटलो. हे तर त्याहूनही वाईट.

पुण्याला परत आल्यावर ते डोक्यातून जाईना. म्हणून सवयीप्रमाणे वाचत सुटलो. "अगदी समोर बसल्यासारखं" हे वाक्य पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल? तेव्हा कळलं की माझा भाचा एका फार जुन्या रांगेत उभा आहे.

१९१५ साली अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने आपल्या डायमंड डिस्क फोनोग्राफची जाहिरात करायला एक नामी युक्ती काढली. 'टोन टेस्ट' असं तिचं नाव. रंगमंचावर फोनोग्राफ आणि त्याच्या शेजारी खरीखुरी गायिका. तिचीच तबकडी लावायची, ती तबकडीबरोबर गाणार, मधेच ओठ मिटणार, गाणं मात्र चालूच. मग दिवे घालवायचे. अंधारात गाणं चालू. दिवे लागले की पाहावं तर गायिका केव्हाच निघून गेलेली आणि यंत्र एकटंच गातंय! लोक थक्क होत. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड या गायिकेबरोबर असा प्रयोग झाला. १९२५ पर्यंत गावोगाव असे हजारो प्रयोग झाले. माणूस कुठला आणि यंत्र कुठलं ते ओळखू आलं नाही, असं वर्तमानपत्रं लिहीत होती.

आता गंमत बघा. त्या काळात मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण होत नव्हतं. कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. माणसाचा तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. या कर्ण्याच्या तबकड्यांत अडीच-तीन हजारांच्या वर जवळजवळ काहीच नसे, आणि खालचा खर्जही गायब. वर सुईची खरखर. आज आपण अशी तबकडी ऐकली तर दोन सेकंदांत ओळखू. मग ते हजारो श्रोते बहिरे होते का? (बहिरा म्हणायचा तर खुद्द एडिसन होता. लहानपणापासून त्याला फार कमी ऐकू यायचं, आणि फोनोग्राफच्या लाकडाला दात लावून तो आवाज 'ऐकायचा'.)

बहिरे नव्हते. एक तर अंधार, दुसरं म्हणजे आपण चमत्कार बघायला आलोय ही मनाची तयारी. आणि तिसरं कारण अ‍ॅना केस या गायिकेने म्हातारपणी सांगितलं. टोन टेस्टमध्ये तिने पुष्कळ गायलं होतं. ती म्हणाली की मी माझा आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घ्यायचे.

हे वाचून मी खुर्चीत मागे टेकून बसलो. म्हणजे यंत्र गायिकेच्या पातळीवर चढलं नव्हतं, गायिका यंत्राच्या पातळीवर उतरली होती. श्रोत्यांनी तुलना अगदी प्रामाणिकपणे केली. फक्त ज्या पट्टीने मोजायचं, तीच आधी कापून छोटी करून ठेवलेली होती.

आपल्याकडे याच सुमाराला काय चाललं होतं? १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तिथून आपल्याकडची तबकडी सुरू झाली. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आत-बाहेर. त्यात राग, बंदिश, ताना सगळं बसवायचं. पण आपल्या लोकांच्या हातात पट्टी मात्र शाबूत होती, कारण नाटक मंडळ्या होत्या. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. माईक नाही, स्पीकर नाही. नुसत्या गळ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले. ज्यांनी ती रात्र ऐकली त्यांच्या कानात ती राहिली, बाकीच्यांसाठी दंतकथा झाली.

माझे आजोबा त्या प्रयोगाला नव्हते, पण गंधर्वांची नाटकं त्यांनी तरुणपणी सांगलीत पाहिलेली. आमच्याकडे किल्लीचा ग्रामोफोन होता. गंधर्वांची रेकॉर्ड लावली की आजोबा डोळे मिटत आणि रेकॉर्डमध्ये नसलेल्या जागांनाही मान डोलवत. आम्ही मुलं हसायचो. आता वाटतं, ते रेकॉर्ड ऐकत नव्हतेच, ते आठवत होते. खरखरीतून जे येत नव्हतं ते त्यांचा कान भरून काढत होता, कारण मूळ त्याने ऐकलेलं होतं. आम्ही ऐकत होतो ती फक्त खरखर.

रेकॉर्डला मी नावं ठेवतोय असं समजू नका. गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडा झाला आणि १९३३ मध्ये गुरू शोधायला घर सोडून पळाला, ही भीमसेन जोशींची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तबकडीने त्याला घराबाहेर काढलं हे खरं. पण तबकडीसमोर बसून तो शिकला नाही. ग्वाल्हेर, जालंधर असं कुठे कुठे भटकून शेवटी १९३६ मध्ये कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याच्या, समोर जाऊन बसला. तबकडी म्हणजे निमंत्रणपत्रिका होती. जेवायला जावंच लागलं.

१९२५ पासून मायक्रोफोन आणि विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि सगळंच बदललं. तिथून पुढे दर पिढीला वाटत आलंय की बस, आता पोचलो! १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिल्बर्ट ब्रिग्ज आणि पीटर वॉकर यांनी भरल्या सभागृहात खरं वादन आणि त्याचं मुद्रण एकामागोमाग ऐकवलं, पुढच्या वर्षी कार्नेगी हॉलमध्येही. ब्रिग्ज वार्फडेलचे स्पीकर बनवायचे, वॉकर क्वाडचे अँप्लिफायर. १९६० च्या आसपास अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च या कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेटला मंचावर बसवलं. चौघे वाजवता वाजवता मधेच गज हवेत फिरवत आणि वाद्यांऐवजी स्पीकर वाजत. पुष्कळांना कधी बदल झाला ते कळलं नाही. पण या वेळी एक काळजी घेतली होती. मुद्रण करताना खोलीचा घुमारा त्यात येऊ दिला नव्हता. आला असता तर सभागृहाचा घुमारा त्यात मिसळून दोनदा ऐकू आला असता आणि चोरी पकडली गेली असती. म्हणजे खोलीसुद्धा वाद्याचाच भाग असते, हे त्या लोकांना नीट कळलं होतं.

आणि १९७३ मध्ये हॅरी पिअर्सन नावाच्या गृहस्थाने 'द अ‍ॅब्सोल्यूट साउंड' हे नियतकालिक काढलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. स्पीकर चांगला की वाईट हे दुसऱ्या स्पीकरशी ताडून ठरवायचं नाही. खऱ्या जागेत, कुठल्याही यंत्राच्या मदतीशिवाय वाजणारं खरं संगीत ही एकच कसोटी. म्हणजे ज्याला चांगला आवाज ओळखायला शिकायचंय त्याने दुकानात नव्हे, मैफलीत जावं.

हे वाचून मी छाती फुगवली. मैफलीत ना? अहो, मी सवाईला वर्षानुवर्षं जातोय! सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून चालत आलेला महोत्सव. रमणबागेत मांडी घालून बसलेला माणूस आहे मी. मग हळूहळू फुगा फुटला. त्या एवढ्या मोठ्या मांडवात मी ऐकलं काय? मंचावरचा माईक, मग मिक्सर, मग माझ्या डोक्यावरचा स्पीकर. गवई समोर दिसत होता, आवाज खांबावरून येत होता. ते गाणं खरं होतं, तो अनुभव खरा होता, त्यातलं काहीही मी परत देणार नाही. पण आवाजापुरतं बोलायचं तर मी आयुष्यभर स्पीकरच ऐकत आलो होतो. घरी महागडे, तिथे मोठे.

योगायोगाने डिसेंबरात एका मित्राच्या ओळखीने एका घरगुती बैठकीला गेलो. जुन्या वाड्यातली माडी, तीसेक माणसं, माईक नाही. गाणाऱ्या बाई साधारण पन्नाशीच्या. मी मुद्दाम भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला कान टवकारून बसलो.

पहिली दहा मिनिटं माझी निराशाच झाली. आवाज फारच लहान वाटला. घरी मी याच्या दुप्पट मोठ्याने ऐकतो! मग कान हळूहळू लहान आवाजाला सरावले, अंधाराला डोळे सरावतात तसे, आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. (दिसायलाच म्हणतो.) तबला रेकॉर्डमध्ये असतो तेवढा मोठा नव्हता, पण डग्ग्यावरची घसीट जमिनीतून मांडीला जाणवत होती. बाईंनी संवादिनीवाल्याकडे मान वळवली की आवाजही तिकडे वळायचा. तान सुरू व्हायच्या आधी घेतलेला श्वास ऐकू यायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हळू आणि मोठं यांतलं अंतर. मंद्रातला आलाप असा की पुढे वाकून ऐकावं. आणि तार षड्ज लागला तेव्हा माडीच्या खिडकीची काच थरथरली. या दोन टोकांमधलं अंतर मी माझ्या कुठल्याही स्पीकरवर कधी ऐकलेलं नव्हतं. ऐकलं होतं ते आमच्या सांगलीच्या माजघरात.

मध्यंतरानंतर मागे बसलेल्या मुलीने तंबोरा पुन्हा जुळवला आणि नुसताच छेडत राहिली. तेव्हा मला तो ऐकू आला, कुणीही न छेडलेला गंधार.

याला मागची गोष्ट आहे. मी नऊ वर्षांचा असताना आत्या मला मिरजेला घेऊन गेली होती. तिच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली होती. तिथल्या कारागिराने घोडी घासली, तारेखाली दोरा सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि अचानक आवाज उघडला. आत्या म्हणाली, "ऐक, गंधार बोलतोय." मी "हो" म्हटलं, कारण मला समोरच्या दुकानातली भजी खायची होती. खरं तर मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

पुढे कळलं की ही काही जादू नाही. तंबोरा प-सा-सा-सा असाच लावतात, पण खर्जाच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले बारीक स्वर निघतात. त्यातला पाचवा म्हणजे गंधार. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. एरवी तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांची कंपनं शून्य असतात ते उपस्वर उमटायला नकोत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते उमटतात, आणि त्याचं कारण ती पसरट, बाकदार घोडी, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवलंय. मिरजेच्या कारागिरांना ते हाताने माहीत होतं. मला मात्र कळायला पस्तीस वर्षं आणि एक माईक नसलेली माडी लागली. आत्याला सांगायला हवं होतं. असो.

मग संक्रांतीला सांगलीला गेलो. कॅसेट पुन्हा लावली आणि या वेळी मला उत्तर सापडलं. एक नाही, दोन.

पहिलं असं. बाबांनी हे मुद्रण १९८६ च्या गणपतीत टू-इन-वनवर केलं. त्या यंत्रात आवाजाची पातळी आपोआप सांभाळायची सोय असते. गाणारा हळू झाला की यंत्र आवाज वर ओढतं, मोठा झाला की खाली दाबतं. म्हणून कॅसेटवर आत्या हळू गाते तेव्हा रस्त्यावरची सायकलची घंटी, भांडी, आमची कुजबुज असं सगळं वर येतं. आणि ती तार षड्जावर जाते तेव्हा आवाज आत ओढला जातो. प्रत्यक्षात अगदी उलटं व्हायचं. ती हळू गायली की घर गप्प व्हायचं आणि वर गेली की भिंतीला टेकलेल्या माझ्या पाठीत आवाज यायचा. त्या सात मिनिटांत यंत्राने तिला सपाट करून टाकलंय.

दुसरं उत्तर आत्याच्या पेटीने दिलं. ती काळी चारमध्ये गायची. शिकायला येणाऱ्या मुलींसाठी तिने त्या पट्टीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय, तो अजून आहे. मी कॅसेटबरोबर पेटी धरली तर सा लागला पांढरी सहावर! अर्धा सूर चढा. मी आईला विचारलं. आई तिळाची वडी थापता थापता म्हणाली, "त्या दिवशी लाइट नव्हते ना. कंदील होता. सेलवर केलं होतं यांनी." सेल उतरलेले, फीत हळू फिरलेली. नंतर विजेवर नेहमीच्या वेगाने वाजली की आवाज चढा आणि बारीक. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे वेगात जवळजवळ ६ टक्के. म्हणून आत्या कॅसेटवर किंचित घाईत आणि पातळ आवाजात गाते.

भाच्याला फोन केला. त्याने दहा मिनिटांत वेग कमी करून फाइल परत पाठवली. सात मिनिटांची सात मिनिटं पंचवीस सेकंद झाली. लावली. आई वडी तशीच टाकून बाहेर आली, हाताला तीळ चिकटलेले. उभ्याउभ्या पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "आता वन्संचा आवाज झाला."

भाच्याने फोनवरून विचारलं, "मामा, आता समोर बसल्यासारखं?"

म्हटलं, "पलीकडच्या खोलीत बसल्यासारखं." दाबलेला तार षड्ज आता कुणालाही परत आणता येणार नाही.

त्या रात्री केसरबाई केरकरांची आठवण झाली. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, त्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटं. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती तबकडी कधी काळी कुणाला सापडलीच तर तेही म्हणतील, वा, अगदी समोर बसल्यासारखं! त्यांना "अशी नाही गायची ती" म्हणणारं कुणी शेजारी नसेल. आणि आणखी तीस-चाळीस वर्षांनी आत्याच्या बाबतीत आमच्या घरातही कुणी नसेल.

म्हणून निदान एवढं केलं. फेब्रुवारीत भाचा पुण्याला आला तेव्हा त्याला त्याच माडीवर घेऊन गेलो. पहिली दहा मिनिटं तो चुळबुळत होता. "आवाज लहान आहे," म्हणाला. मी काही बोललो नाही. गंधाराबद्दलही मुद्दामच सांगितलं नाही. त्याचा त्याला ऐकू येईल तेव्हा येईल. परतताना रिक्षात मात्र तो बराच वेळ गप्प होता, आणि मग म्हणाला, "आत्याआजी वरचा सा लावायची तेव्हा असंच व्हायचं?"

"याहून थोडं जास्त," मी म्हटलं. घरचं माणूस आहे, एवढा पक्षपात चालायचाच.

ता. क. : नातेवाईक मंडळींना विनंती. आत्याची आणखी एखादी कॅसेट कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर कृपया कळवा. आणि त्या दिवशी लाइट होते की सेलवर केलं होतं, तेही आठवत असेल तर लिहा.